पाठीवरचे बिऱ्हाड

संगणकाची कळ दाबली जाते. पंखा फिरू लागतो, पडदा उजळतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटते. ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही, असा त्या ओळीचा अर्थ असतो. दुरुस्ती करणारा संगणकाकडे एक नजर टाकून सहज सांगतो, ‘‘फॉरमॅट मारावा लागेल.’’ त्याच्या दृष्टीने ते अर्ध्या दिवसाचे काम. संगणकाच्या मालकाला मात्र त्या क्षणी मुलीच्या लग्नाची छायाचित्रे आठवतात, दुकानाचे तीन वर्षांचे हिशेब आठवतात; कारण फॉरमॅट करणे म्हणजे हार्डडिस्कची पाटी पुसून कोरी करणे.

वास्तविक अशा वेळी छायाचित्रे आणि हिशेब पुष्कळदा जागच्या जागी शाबूत असतात. बिघडलेली असते ती त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी ऑपरेटिंग सिस्टिम. कुलपाची किल्ली हरवली म्हणून कोणी घर पाडत नाही. दुसरी किल्ली शोधतो. संगणकाची अशी दुसरी किल्ली पेनड्राइव्हमध्ये बाळगता येते.

कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, फाइल डिस्कवर नेमक्या जागी ठेवणे, प्रिंटरला कागद ओढायला लावणे, ही सारी कामे ऑपरेटिंग सिस्टिम करवून घेते. विंडोज ही अशी एक सिस्टिम. लिनक्स ही दुसरी. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. ऑपरेटिंग सिस्टिम वर्षानुवर्षे एकाच हार्डडिस्कवर पाहिल्यामुळे ती यंत्राचाच अवयव आहे, असा समज होतो. तो बरोबर नाही. संगणकाच्या मदरबोर्डवर एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा वस्तीला असतो. वीज मिळताच सर्वांत आधी तो जागा होतो. रॅम, कळफलक जागेवर आहेत ना, हे तो तपासतो आणि मग ठरलेल्या क्रमाने ऑपरेटिंग सिस्टिमचा शोध घेऊ लागतो. या क्रमात हार्डडिस्क पहिली असेल, तर तिच्यावरील सिस्टिम त्याला सापडते. पेनड्राइव्ह पहिला असेल, तर त्याच्यातील. सापडलेल्या सिस्टिमचा गाभा रॅममध्ये आणला जातो आणि पुढची सूत्रे त्याच्याकडे सोपवली जातात. यालाच संगणक ‘बूट होणे’ असे म्हणतात. हार्डडिस्क काढून बाजूला ठेवली, तरी ही क्रिया बिनबोभाट पार पडू शकते.

जर्मनीतील क्लाउस क्नॉपर या अभियंत्याने २००० साली या गोष्टीचा उत्तम उपयोग करून दाखवला. त्याने ‘क्नॉपिक्स’ या नावाने संपूर्ण लिनक्स एका सीडीवर बसवली. सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट मावत. क्नॉपरने मात्र तिच्यात जवळजवळ २ गिगाबाइट भरतील एवढे प्रोग्रॅम घातले. जादा गाद्या गुंडाळून माळ्यावर ठेवाव्यात आणि पाहुणे येतील तशा उलगडाव्यात, तसे हे प्रोग्रॅम दाबून बसवलेले असत व लागतील तेवढेच त्या वेळी उलगडत. सीडीवर नव्याने काही लिहिता येत नसल्याने वापरणाऱ्याचे सारे बदल रॅममध्ये राहत. संगणक बंद केला की ते नाहीसे होत आणि हार्डडिस्कवर त्यांचा मागमूसही उरत नसे.

क्नॉपरची पत्नी अड्रियान ही दृष्टिबाधित आहे. २००७ मध्ये तिच्याच नावाने क्नॉपिक्सची एक वेगळी मांडणी तयार झाली. पडद्यावरचा मजकूर ती मोठ्याने वाचून दाखवते आणि पडद्याकडे न पाहता कळफलकावरून वापरता येते. परक्या संगणकावर असा प्रोग्रॅम आधीपासून असेल, याची अंध व्यक्तीला कधीच खात्री नसते. येथे तो वाचणारा आवाजच तिच्यासोबत प्रवास करतो.

सीडीची जागा पेनड्राइव्हने घेण्यास थोडा काळ लागला. पेनड्राइव्हमधील फ्लॅश मेमरी जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्येच मांडली होती. पण २००० साली विक्रीस आलेल्या पहिल्या पेनड्राइव्हपैकी काहींत अवघे ८ मेगाबाइट मावत. आज १६ गिगाबाइटचा पेनड्राइव्हही लहान समजला जातो. शिवाय त्यावर पुन्हा पुन्हा लिहिता येते. त्यामुळे सिस्टिमचा मूळ भाग न बदलता तसाच ठेवून, आपल्या फाइलींसाठी उरलेल्या जागेत वेगळा कप्पाही करता येतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते येथे अक्षरशः खरे ठरते.

बिऱ्हाड बदलले की त्याचे गुणही बदलतात. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ‘पपी लिनक्स’ इतकी आटोपशीर आहे, की ती पूर्णपणे रॅममध्ये जाऊन बसू शकते आणि जुना, मंद संगणकही तरतरीत वाटू लागतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढची आवृत्ती न पेलणारे असंख्य संगणक अडगळीत जाण्याच्या बेतात आले. त्यांच्यासाठी हा मार्ग अजून खुला आहे. २००९ पासून असलेली ‘टेल्स’ मात्र निराळ्याच हेतूने घडवलेली आहे. ती इंटरनेटवरील सारा व्यवहार टॉर या जाळ्यातून नेते आणि बंद होताच सारे विसरते. अमेरिकी पाळतीची गुपिते २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने पत्रकारांकडे सोपवली, त्या काळात या मंडळींनी टेल्सचा आधार घेतला होता. अर्थात, कोणी कळफलकाच्या तारेतच हेरगिरीचे उपकरण बसवले असेल, तर टेल्सही हतबल आहे.

असा पेनड्राइव्ह तयार करताना नवखा माणूस एक चूक हमखास करतो. तो सिस्टिमची आयएसओ फाइल नेहमीच्या फाइलीप्रमाणे पेनड्राइव्हवर कॉपी करतो आणि मग संगणक बूट का होत नाही, म्हणून कोड्यात पडतो. ही फाइल रूफस किंवा एचरसारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. त्या वेळी पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व काही पुसले जाते. म्हणूनच यादीतून योग्य पेनड्राइव्ह निवडला आहे ना, हे दोनदा पाहिलेले बरे. घाईत शेजारची बाहेरील हार्डडिस्क निवडून ती कोरी केल्यास वाचवायला काहीच उरत नाही. त्यानंतर संगणक सुरू होताना एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबली, की पेनड्राइव्ह निवडता येतो. सायबर कॅफेतील किंवा कार्यालयातील संगणकावर हे करण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा त्या बंद पडलेल्या संगणकाकडे वळू. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झाली की जुनी हार्डडिस्क एखाद्या कपाटासारखी उघडता येते आणि छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. विंडोज अर्धवट झोपेत बंद झाली असेल, तर हार्डडिस्क केवळ वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. कॉपी करण्यासाठी तेवढे पुरे. ती बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असावी लागते. आणि हार्डडिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर हा खटाटोप मुळीच करू नये. तो यंत्राच्या आतील भाग झिजल्याचा आवाज असू शकतो. चालू ठेवण्याच्या प्रत्येक मिनिटाबरोबर छायाचित्रे अधिक दूर जातात. अशा वेळी वीज तत्काळ बंद करून ती हार्डडिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.