तारेचा नाद व पिकअपचे दोन प्रकार

मुंबई-कोंकणांत मिरवणुकीपुढें बँजो नांवाचें वाद्य वाजतें. २०१६ सालीं प्रदर्शित झालेल्या ‘बँजो’ या हिंदी चित्रपटांत आपल्या लातूरच्या रितेश देशमुख यांनीं अशाच वादकाची भूमिका केली. हें वाद्य मूळचें बुलबुलतरंग. त्याच्या पोलादी तारांचा नाद खोलीपुरताच. तरी तो ताशांच्या गजरांतूनहि ऐकूं येतो, तो पिकअप आणि कर्णे यांच्या बळावर. विजेच्या गिटारीचेंहि असेंच आहे.

चुंबकीय क्षेत्र बदललें कीं तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरेडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. गिटारीचा पिकअप म्हणजे लोहचुंबक व त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. वरची पोलादी तार थरथरली कीं वेढ्यांत तितक्याच कंपनांची वीज उमटते. नायलॉनची तार लावाल, तर हा पिकअप मुकाच राहील!

एवढ्यावरच जो काम भागवितो तो पॅसिव्ह, म्हणजे निष्क्रिय पिकअप. त्यास बॅटरी लागत नाहीं. मात्र त्याची वीज दुबळी असते आणि लांब केबल तींतील तीव्र स्वरांचा अंश गिळून टाकते. शिवाय एकेरी वेटोळें आसपासच्या विजेची गुणगुणहि पकडतें. तिच्यावर सेथ लव्हर यांनीं १९५५ च्या सुमारास परस्परविरुद्ध वेटोळ्यांची जोडी योजिली.

ॲक्टिव्ह, म्हणजे सक्रिय प्रकारांत वेढे बहुधा कमी असतात, आणि उमटलेली क्षीण वीज वाद्याच्या पोटांतच एक लहानसा प्रवर्धक सबळ करतो. त्यास ९ व्होल्टची बॅटरी लागते. मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केबल नेली, तरी स्वर फारसा मंदावत नाहीं. बेस गिटारींत आणखी एक मौज आहे. १९७६ सालच्या ‘स्टिंगरे’ बेसमध्यें पिकअप निष्क्रियच होता. सक्रिय होता तो केवळ आंतील प्रवर्धक. तेव्हां दुकानदार ‘ॲक्टिव्ह’ म्हणाला, तर नेमकें काय सक्रिय, हें अवश्य विचारावें.

सोयाबीनची पट्टी हातीं आल्यावर मुलास गिटार घेऊन देणाऱ्या पालकांनीं शिकाऊ हातासाठीं यापायीं जादा पैसे मोजूं नयेत, असें माझें मत आहे. घरांत हातभर केबलीवर सराव करणाऱ्यास त्याचा लाभ थोडाच. उलट बॅटरी संपत आली कीं स्वर फाटतो व पुढें वाद्य अजीबात बंद पडतें. ज्यांच्यापाशीं असें वाद्य आहे, त्यांनीं वादन संपतांच केबल उपसून ठेवावी. ती खोबणींत राहिली, तर कोणी वाजवीत नसतांनाहि बॅटरी झिजत राहते.