बुकिंगच्या पावतीवर विसंबू नका

मंगळवार पेठेतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. पेट्रोल परवडेना, म्हणून मे 2023 मध्ये विजेची स्कूटर बुक केली. ‘‘दादा, बुकिंग झालं म्हणजे भाव पक्का,’’ शोरूममधला पोरगा म्हणाला. मी पावती खिशात घालून घरी आलो.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने फेम-2 योजनेतलं अनुदान घटवलं. बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला 15,000 रुपये मिळायचे, ते 10,000 झाले. त्याहून मोठा घाव मर्यादेचा होता: कारखाना-किमतीच्या 40 टक्क्यांवरून थेट 15 टक्के. हा दर 1 जूनपासून नोंदणी होणाऱ्या प्रत्येक दुचाकीला लागू झाला, बुकिंग कधीचंही असो. माझ्या गाडीची नोंदणी जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. बॅटरी 3 किलोवॅट-तासाची, कारखाना-किंमत 1,40,000. आधी 45,000 सुटले असते, आता 21,000. वरचे 24,000 बायकोच्या आरडीतून भरले. तिने ते पैसे मुलीच्या फीसाठी ठेवले होते.

कर्जाचंही तसंच झालं. व्याजावर आयकरात सूट मिळते, असं एजंट छातीठोकपणे सांगत होता. ती 80-ईईबी कलमाची सूट 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. मी दोन महिने उशिरा पोचलो होतो.

गाडी चांगली चालते, आणि अशी अनुदानं द्यायलाच हवीत असं माझं आजही ठाम मत आहे. पण बुकिंग केलेल्या माणसाला जुना दर मिळायला हवा होता. त्याने सरकारच्याच शब्दावर हिशेब मांडलेला असतो.

म्हणून सांगतो, अनुदान शून्य धरून हप्ता झेपतो का, ते आधी बघा. नोंदणी कोणत्या तारखेच्या आत होईल, हे शोरूमकडून लिहून घ्या. चार्जर किमतीत धरलाय की वेगळा लावलाय, तेही विचारा.

नंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दर आणखी उतरला, किलोवॅट-तासाला आधी 5,000 आणि एप्रिल 2025 पासून 2,500. त्यात ग्राहकाच्या सहीचं ई-व्हाउचर निघतं. परवा गल्लीतल्या पोराबरोबर गाडी घ्यायला गेलो होतो. तो सही करायला वाकला, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि व्हाउचरवरची रक्कम बिलातून वजा झालेली आधी शोधून काढली.