ऋतुमान आणि विरंगुळा : वसई परिसरातील वृद्धाश्रमांसंबंधी काही विचार

जून महिन्यात वसईच्या किनारपट्टीवर पाऊस स्थिरावला की वृद्धाश्रमाचे अंगण बंद होते. सकाळची फेरी थांबते. ओल्या फरशीवरून पाय घसरेल या भीतीने मंडळी खाटेजवळच बसून राहतात. भेटीस येणारे आप्तही कमी होतात. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत तर नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून रेल्वे वाहतूकच खंडित झाली होती. याउलट 1 ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन उजाडला की पाहुण्यांची रीघ लागते. अशाच एका दिवशी, एकाच सकाळी तीन मंडळांनी येऊन फळवाटप केल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. फळे अर्थातच केळी होती, आणि तीही वसईत! त्यानंतर पुढील पाहुणे दिवाळीलाच यावयाचे होते.

वृद्धांच्या करमणुकीचा प्रश्न हा असा आहे. कार्यक्रम होत नाहीत असे नव्हे. ते वर्षातील मोजक्या दिवसांत दाटतात आणि ज्या चार महिन्यांत त्यांची खरी निकड असते ते महिने रिकामे जातात. शिवाय या कार्यक्रमांत वृद्धांच्या वाट्याला बहुधा प्रेक्षकाचीच भूमिका येते.

करमणूक ही चैनीची बाब नाही, हे कायद्यानेही मान्य केले आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 च्या कलम 19 मध्ये वृद्धाश्रमांतील सेवांचा दर्जा ठरविताना वैद्यकीय सेवेच्या जोडीनेच करमणुकीच्या साधनांचा उल्लेख आहे. तथापि, दूरचित्रवाणी संच बसविला की ही जबाबदारी पार पडली, असा समज अनेक ठिकाणी आढळून येतो.

या संदर्भात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका शुश्रूषागृहात झालेला प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी तो 1976 मध्ये प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांना प्रत्येकी एक रोपटे देऊन त्याची निगा त्यांच्यावरच सोपविण्यात आली आणि दिनक्रमातील लहानसहान निवडीही त्यांनीच कराव्यात असे सांगण्यात आले. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली गेली, परंतु त्यांना पाणी घालण्याचे काम परिचारिकांनी केले. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक तरतरीत व कार्यरत दिसू लागली. रोपटी दोन्हीकडे होती. फरक होता तो ‘हे माझे आहे, हे मला पाहावयाचे आहे’ या भावनेचा.

पावसाळ्याचे नियोजन

म्हणूनच नियोजनाचा प्रारंभ पावसाळ्यापासून व्हावा. मृगाच्या सरी पडताच तुळस, अबोली, मिरची यांची रोपे जुन्या डब्यांत लावून ती ओसरीवर कमरेइतक्या उंचीच्या फळीवर ठेवावीत, म्हणजे वाकावे लागत नाही. प्रत्येक डब्यावर लावणाऱ्याचे नाव असावे. आषाढी एकादशीस आवारात दिंडी काढता येत नसेल तर ती लांब ओसरीतून काढावी. चाकाच्या खुर्चीत बसलेल्यांच्या हाती टाळ द्यावेत. श्रावणात पोथीवाचनाची प्रथा आहेच. परंतु वसईच्या वृद्धाश्रमात हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम, जैन अशी सर्वच मंडळी एकत्र असू शकतात. म्हणून त्यासोबत वृत्तपत्राचे व कथा-कादंबऱ्यांचेही प्रकट वाचन व्हावे. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाने महिन्याला एक पुस्तकपेटी पाठविल्यास हे सहज साध्य होईल.

हातांना काम हवे असते. कडव्या वालांना मोड आणून ते सोलणे, कापसाच्या वाती वळणे, गणपतीसाठी दूर्वा निवडणे ही कामे बसल्या जागी होतात, बोटांना हालचाल मिळते आणि कामासोबत गप्पाही रंगतात. मात्र याचा अर्थ स्वयंपाकघरातील कामाचा बोजा रहिवाशांवर टाकावा असा नव्हे. ज्याला वाटेल त्याने बसावे, कंटाळा येताच उठावे. किती वाल सोलले याचा हिशेब कोणी मागू नये. वळलेल्या वाती गावच्या मंदिरात पोहोचविल्या तर वृद्धाश्रम हा केवळ घेणारा राहत नाही.

नारळी पौर्णिमेस कोळी भगिनींना, गौरीच्या दिवसांत आगरी भगिनींना आपापली गाणी म्हणण्यास पाचारण करावे. नाच-फुगड्या आता जमणार नाहीत, पण कित्येकींना शब्द तोंडपाठ असतात आणि नव्या पिढीला ते ठाऊक नसतात.

शरद ते ग्रीष्म

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ख्रिस्ती समाजात नव्या पिकाचा आगेरा साजरा होतो. त्या वेळी भाताच्या लोंब्या हाती घेतलेला जुना शेतकरी आपणहून बोलू लागेल. बावखले, रहाट, बैलगाडीने बाजारात जाणारा वाडीतील भाजीपाला, राजेळी केळी सोलून उन्हात वाळविलेली सुकेळी हे सारे त्याच्या स्मरणात असते. शिक्षकांनी येथे विशेष लक्ष घालावे. विद्यार्थ्यांना समूहनृत्य सादर करण्यासाठी आणण्याऐवजी दोघा-दोघांच्या गटाने वही घेऊन आणावे आणि एका आजी-आजोबांकडून एकच माहिती लिहून घेण्यास सांगावे. सामवेदी, वाडवळी यांसारख्या बोलींतील शब्द तसेच टिपावेत. मात्र सर्वच वृद्ध मूळचे वसईकर असतील असे गृहीत धरू नये. गिरणगावातील चाळी सोडून नालासोपारा-विरारला स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या आठवणीत वाडी नव्हे, गिरणीचा भोंगा असतो. त्यांना 1982 च्या संपाविषयी विचारावे.

दिवाळीत जूचंद्र गावच्या रांगोळीचा वारसा हाताशी आहे. गुडघे दुखणाऱ्यांना जमिनीवर बसता येत नाही. त्यांनी मेजावर पाट ठेवून त्यावर रांगोळी रेखावी. फराळात मधुमेहींचा विचार व्हावा. नाताळचा गोठा सजविण्यास सर्वांनी हात लावावा. थंडीच्या दिवसांत कोवळ्या उन्हात बैठे व्यायाम व्हावेत आणि एखाद्या दुपारी उकडहंडीचा बेत आखावा. सहलीचे स्थळ निवडताना प्रेक्षणीयतेपेक्षा सपाट वाट, सावली आणि स्वच्छतागृह या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. उन्हाळ्यात मात्र आटोपशीरपणा हवा : कार्यक्रम सकाळी दहाच्या आत, पिण्याचे पाणी जवळ, आणि दुपार विश्रांतीसाठी मोकळी.

पाहणे व ऐकणे

एक गोष्ट सर्वांत आधी करावयाची, पण बहुधा विसरली जाते. ज्याला अक्षर दिसत नाही त्याला वाचन काय आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला भजन काय! असा मनुष्य कोपऱ्यात बसतो आणि ‘त्यांना आवड नाही’ असा शेरा त्याच्या नावावर पडतो. राज्य शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची अशा साधनांसाठी 3,000 रुपयांचे एकवेळ साहाय्य ठरविण्यात आले. कागदपत्रांअभावी असा लाभ अडू नये म्हणून पंचायत सदस्यांनी गावातील वृद्धाश्रमास भेट देऊन रहिवाशांची आधार व बँक खात्याची स्थिती पडताळावी.

कार्यक्रमांची नोंदवही अवश्य ठेवावी. तिच्यात पाहुण्यांच्या नावांऐवजी कोण रहिवासी आला, कोण आला नाही, कोणी काय सुचविले हे लिहावे. सलग तीनदा न आलेल्याची स्वतंत्र विचारपूस व्हावी. पुढील महिन्याचा कार्यक्रम रहिवाशांनीच ठरवून फळ्यावर लिहावा, आणि एखादे मंडळ 1 ऑक्टोबरची वेळ मागण्यास आले तर व्यवस्थापकांनी त्या फळ्याकडे बोट दाखवून जुलैमधील एखादा मोकळा मंगळवार सुचवावा.