शेजारणीची दुआ घ्यावी का?

प्रश्न : मी वसईची कॅथलिक गृहिणी. यजमानांचं बायपास ऑपरेशन ठरलंय. शेजारच्या आपा म्हणाल्या, ‘मी दुआ मागेन.’ बरं वाटलं. पण नणंद म्हणते, त्यांचा देव वेगळा, असली प्रार्थना घेऊ नये. खरं काय?

उत्तर : ताई, दुआ खुशाल घ्या. नणंदेची शंका जुनीच आहे, पण तुमच्या चर्चची भूमिका तशी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यानुसार मुसलमानही एकाच, दयाळू, जगनिर्मात्या देवाची उपासना करतात. कुराणातही (२९:४६) ग्रंथधारकांचा, म्हणजे ज्यू व ख्रिस्ती लोकांचा, आणि मुसलमानांचा देव एकच म्हटला आहे.

मतभेद आहे तो त्या देवाच्या स्वरूपाबद्दल, आणि तो किरकोळ नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे त्रैक्य इस्लामला मान्य नाही; येशू मुसलमानांना ईसा पैगंबर म्हणून वंद्य, देवपुत्र म्हणून नव्हे. म्हणूनच काही प्रोटेस्टंट अभ्यासक ‘देव एकच’ म्हणायला कचरतात. मला ते टोकाचं वाटतं.

१९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी असिसीत नाना धर्मांच्या प्रमुखांना बोलावलं, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या रीतीनेच प्रार्थना केली. तुम्हीही तसंच करा. आपा नमाजानंतर दुआ मागतील, तुम्ही घरी रोझरी म्हणा. त्या मिस्साला आल्या तर शेजारी बसवा. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र नेऊ नका. आणि या गडबडीत यजमानांचा तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्यासाठीचा चर्चचा संस्कार, राहायला नको. ऑपरेशनआधी फादरांना बोलवा, नणंदेलाही त्याच वेळी बोलवा. तिची शंका ते समोरासमोर फेडतील.