चूल आणि नायलॉनचा तंबू

जालना जिल्ह्यातील शालेय शिबिरांत जाड सुती राहुटीऐवजी पातळ नायलॉनचा तंबू येऊ लागला आहे. वजनास हलका, ठिणगीपुढे मात्र दुबळा. शिक्षकांनी उघड्यावर, चिमट्यात धरून, सुती व नायलॉनचा धागा जाळून दाखवावा. सुताची राख होते. नायलॉन वितळून कातडीस चिकटते. चिकटलेले कापड ओढू नये, गार पाणी ओतत राहावे. वारा तंबूकडून चुलीकडे वाहील अशा बाजूस, पुरेशा अंतरावर चूल मांडावी. पाऊस आला तरी स्टोव्ह आत नेऊ नये. न दिसणारा विषारी वायू कोंडतो. अंबड-घनसावंगीकडील ऊसतोड कुटुंबांतील मुले हंगामात पाचटाच्या कोपीत राहिलेली असतात. ठिणगी कोठवर उडते, हे त्यांस ठाऊक असते. चुलीची जागा प्रथम त्यांनाच विचारावी.