नव्या स्थानकाची वाट
ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यान, १९०१ पासूनच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या जागेवर, नवे रेल्वे स्थानक योजिले आहे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस २००९ साली सॅटिसचा उन्नत मार्ग झाला. बसगाड्या वर गेल्या, रिक्षा खाली राहिल्या. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. परंतु पावसाचे पाणी कोठे तुंबते, रिक्षांची रांग कोठे वाट अडविते, हे नकाशावरून उमगत नाही. रोज पायी जाणारी कामगार स्त्री ते अचूक सांगेल. तेव्हा जिने व पादचारी पूल यांच्या जागा ठरण्यापूर्वी, ऐन गर्दीच्या वेळी, जागेवरच सूचना घेणे इष्ट. रुग्णांच्या शांततेचाही विचार तेव्हाच व्हावा. त्यांच्या वतीने हरकत नोंदविणारा सहसा कोणी नसतो.