🚜 ट्रॅक्टरचं स्टिअरिंग ढिलं झालं? पार्ट आणायला निघण्याआधी हे वाचा



मागच्या हंगामात दर्यापूरकडच्या आपल्या एका सभासदाने अकोल्याहून टाय रॉड एंड आणला. मॉडेल बरोबर, पण आटे उलटे निघाले. पुन्हा चक्कर, दिवस गेला अन् कापसाची ट्रॉली वावरातच उभी.

*आधी तपासा:* ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवावं, दुसऱ्याने बाजूला बसून सांधे पाहावे. ज्या सांध्यात खटखट होते, तोच झिजला.

*निघण्याआधी:*
१) प्लेटचा फोटो काढा: मॉडेल, चेसिस नंबर, महिना-वर्ष. मॉडेल तेच असलं तरी वर्षानुसार पार्ट बदलू शकते.
२) खोलताना किती फेरे झाले ते मोजून लिहा. नवा तेवढाच बसवा.
३) जुना पार्ट सोबत न्या. बऱ्याच टाय रॉडला एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे आटे राहतात.
४) स्टिअरिंग साधं की पॉवर, ते सांगा. पॉवरचं तेल गळत असेल तर आधी पाइप अन् सील पाहा, पूर्ण युनिट बदलायची घाई नको.
५) दुकानदाराला फोटो पाठवा, माल आहे म्हटलं तरच निघा. पक्कं बिल घ्या.

⚠️ झिजलेल्या बॉल जॉइंटला वेल्डिंग नको. रस्त्यावर तुटला तर भरलेली ट्रॉली आवरत नाही भाऊ! कॉटर पिन नवीनच टाका अन् समोरच्या चाकांची टो-इन मेकॅनिककडून तपासून घ्या.

– आपला कृषी सल्लागार